पहिलं वीजबिल हातात आल्यावर: महाराष्ट्रातल्या घरगुती ग्राहकांसाठी

बिल जास्त आलं की बहुतेक लोक आधी मीटरवर संशय घेतात. मीटर बिघडतात, नाही असं नाही. पण बहुतेक वेळा खरं कारण दरपत्रकात असतं, आणि ते दरपत्रक कोणी उघडून बघत नाही. नव्या भाड्याच्या घरात आलेले, नुकताच फ्लॅट घेतलेले, किंवा आजवर बिल वडीलच भरायचे म्हणून कधी वाचायची वेळ न आलेले, अशा सगळ्यांसाठी हा लेख आहे. बिल, कागद आणि पेन जवळ घेऊन बसा.

आधी बघा, तुम्ही ग्राहक कोणाचे

मुंबई सोडली तर राज्यात जवळपास सगळीकडे वीज महावितरणची. जुन्या राज्य वीज मंडळाचं ६ जून २००५ रोजी विभाजन होऊन ही कंपनी झाली, तरी वीज गेली की लोक फोन 'एमएसईबी'लाच लावतात. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी, दोन्हीकडे टाटा पॉवरचेही ग्राहक, आणि मुलुंड-भांडुपला पुन्हा महावितरण. प्रत्येक कंपनीचं दरपत्रक वेगळं असतं. त्यामुळे दादरच्या मावशीचं बिल आणि पुण्यातलं तुमचं बिल शेजारी ठेवून काही निष्पन्न होणार नाही.

हे दर कंपनी स्वतः ठरवत नाही. कंपनी प्रस्ताव मांडते, त्यावर जनसुनावणी होते आणि महाराष्ट्र वीज नियामक आयोग आदेश काढतो. दर आर्थिक वर्षाप्रमाणे लागू होतात, मधेच फेरआढावा झाला तर वर्षाच्या मध्यातही बदलतात. म्हणून खाली दिलेली आकडेमोड पद्धत समजून घेण्यासाठी आहे. आजचा दर तुमच्या बिलावरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या.

महावितरणच्या बिलावर बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि चार आकडी बिलिंग युनिट (तुमच्या भागाच्या वीज कार्यालयाचा संकेतांक, विजेच्या युनिटांशी त्याचा संबंध नाही) असतं. दोन्ही मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ऑनलाइन भरणा, तक्रार, सौरऊर्जेचा अर्ज, सगळीकडे हेच लागतं. आपला मोबाइल नंबरही त्या क्रमांकाशी जोडून घ्या. भाड्याच्या घरात बऱ्याचदा आधीच्या भाडेकरूचाच नंबर जोडलेला असतो आणि तुमच्या बिलाचे संदेश त्याला जात राहतात.

घर विकत घेत असाल तर व्यवहार पुरा होण्याआधी शेवटचं भरलेलं बिल आणि शून्य थकबाकी पाहून घ्या. आधीच्या मालकाची थकबाकी नव्या जोडणीची अट म्हणून नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. 'ते मी बघतो' असं विक्रेता तोंडी सांगत असेल, तर ते करारात लिहून घ्या.

बिलातल्या ओळी

स्थिर आकार म्हणजे जोडणी असण्याचे पैसे. घराला महिनाभर कुलूप असलं तरी तो लागतो.

वीज आकार म्हणजे वापरलेल्या युनिटांचे पैसे. एक युनिट म्हणजे हजार वॅटचं उपकरण तासभर चालवल्यावर खर्च होणारी वीज. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट.

वहन आकार हा वीज तुमच्या दारापर्यंत तारांतून आणण्याचा खर्च. तोही प्रत्येक युनिटामागे असतो, पण वेगळ्या ओळीत छापलेला असतो. त्यामुळे 'युनिटचा दर किती' याचं उत्तर लोक नेहमी कमी सांगतात. वीज आकार आणि वहन आकार मिळून खरा दर होतो.

इंधन समायोजन आकार कधी असतो, कधी शून्य, कधी उणेही. वीजखरेदीचा खर्च अंदाजापेक्षा वर-खाली झाला की तो या ओळीतून वसूल किंवा परत होतो. आठवडाभर गावाला जाऊनही बिल किंचित वाढलं असेल तर आधी इथे बघा.

वीज शुल्क हा राज्य सरकारचा कर आहे. घरगुती ग्राहकांसाठी तो १६ टक्के, आणि वरच्या आकारांच्या बेरजेवर लागतो. म्हणजे युनिट महागलं की करही आपोआप फुगतो.

स्लॅब: सगळं गणित इथे आहे

घरगुती दराचे चार टप्पे आहेत: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात या टप्प्यांचा वीज आकार अनुक्रमे ४.७१, १०.२९, १४.५५ आणि १६.६४ रुपये होता, आणि वर सरसकट १.१७ रुपये वहन आकार. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की वीज आकार दुपटीहून जास्त होतो.

आता कागदावर मांडा. १०० युनिट वापरले तर वीज आणि वहन मिळून ५८८ रुपये. त्यावर १६ टक्के शुल्क धरलं की साधारण ६८२. तेच ३०० युनिट वापरले तर पहिल्या शंभराचे ४७१, पुढच्या दोनशेचे २,०५८, वहनाचे ३५१, एकूण २,८८०, आणि शुल्कासह सुमारे ३,३४१. स्थिर आकार आणि इंधन समायोजन यात धरलेलं नाही. वापर तिप्पट झाला, बिल जवळपास पाचपट.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. 'शंभराच्या वर एक युनिट गेलं की सगळी युनिटं महाग होतात' असं सर्रास सांगितलं जातं. तसं नाही. १०१ व्या युनिटाला वरचा दर लागतो, आधीची शंभर जुन्याच दराने राहतात. त्यामुळे महिनाअखेरीला मीटरसमोर उभं राहून '९८ झाले, आता टीव्ही बंद' अशी धावपळ करण्याची गरज नाही.

लक्षात ठेवायचं ते एवढंच की प्रत्येक घराचं शेवटचं युनिट सर्वांत महाग असतं. वरच्या दरांनी, शुल्कासह, पहिल्या टप्प्यातलं एक युनिट वाचवलं तर पावणेसात रुपयांच्या आसपास वाचतात, दुसऱ्यात तेरा, तिसऱ्यात अठरा. पुढे उपकरणं बदलायची की नाही, छतावर सौर पॅनल बसवायचं की नाही, या प्रश्नांची उत्तरं यावरच ठरतात.

मागचे बारा महिने उतरवून काढा

बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. बारा महिन्यांचे आकडे एका ओळीत लिहा आणि १००, ३००, ५०० यांपैकी कोणती रेघ कोणत्या महिन्यात ओलांडली ते बघा. एका चांगल्या मेस्त्रीच्या सल्ल्याइतकं काम ही ओळ करते. फक्त एप्रिल-मेमध्ये उडी असेल तर प्रश्न कूलर-एसीचा. थंडीत उडी असेल तर गीझरचा. बाराही महिने सारखाच चढा वापर असेल तर जुना फ्रिज, दिवसरात्र फिरणारे पंखे, किंवा पाण्याच्या मोटरीकडे बघा. आणि एखाद्याच महिन्यात अवाच्या सवा उडी असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

रीडिंग खरं आहे का

बिलावर मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि बहुधा मीटरचा फोटोही असतो. फोटोतला आकडा आणि छापलेला आकडा जुळतो का, आणि तो मीटर तुमचाच आहे का, हे मीटर क्रमांकावरून तपासा. सोसायटीत एका फळीवर वीस-वीस मीटर असतात आणि अदलाबदल होते. खात्री करायला आपला मेन स्विच बंद करून बघा, आपला म्हणवला जाणारा मीटर थांबायला हवा.

चालू रीडिंगच्या जागी आकड्याऐवजी दार बंद, रीडिंग उपलब्ध नाही किंवा मीटर सदोष असा शेरा असेल तर बिल सरासरीने आलेलं आहे. अशी दोन-तीन बिलं कमी आकड्याची आली की लोक खूश होतात, आणि मग एकदम साचलेल्या युनिटांचं बिल येऊन आदळतं. त्या बिलात स्लॅबचा फायदा एका महिन्याचा न देता जितक्या महिन्यांचं बिल आहे तितक्या महिन्यांचा द्यावा लागतो. म्हणजे तीन महिन्यांचं एकत्र बिल असेल तर पहिल्या टप्प्याची युनिटं १०० ऐवजी ३०० धरायला हवीत. हे हाताने मांडून बघा. धरलेली नसतील तर बिल दुरुस्त करून मिळतं. मीटर घरात आणि घर दिवसभर बंद अशी परिस्थिती असेल तर महावितरणच्या ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवण्याची सोय आहे.

उन्हाळ्यात येणारं दुसरं बिल

आर्थिक वर्ष सुरू झालं की नेहमीच्या बिलासोबत 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असं वेगळं बिल येतं आणि नवखे ग्राहक हबकतात. ही दरवाढ नाही. मासिक बिल असलेल्या ग्राहकाची ठेव सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी असायला हवी असा नियम आहे. मागच्या वर्षी बिल वाढलं असेल तर फरक मागितला जातो. ठेवीवर व्याज मिळतं, ते बिलातूनच वळतं होतं. रक्कम जड वाटली तर हप्ते मागा. घर सोडताना किंवा विकताना ही ठेव विसरू नका, बरेच जण विसरतात.

बारीक सवलती

लवकर बिल भरलं तर एक टक्का सूट, उशीर झाला तर १.२५ टक्के विलंब आकार. छापील बिलाऐवजी ई-बिल घेतलं तर 'गो-ग्रीन'चे दर बिलामागे १० रुपये. टाइम-ऑफ-डे मीटर, म्हणजे कोणत्या वेळेला किती वीज वापरली ते नोंदवणारा मीटर, बसलेल्या घरांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. तसा मीटर असेल तर वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आणि इस्त्री दुपारी उरकायची सवय लावून घ्या. ही सगळी चिल्लर आहे, पण त्यासाठी काही सोडावं लागत नाही.

खरी बचत वरच्या टप्प्यातल्या युनिटांत आहे. साधा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, बीएलडीसी पंखा ३० ते ३५. रोज पंधरा-सोळा तास फिरणाऱ्या दोन पंख्यांत महिन्याला चाळीसेक युनिट कमी होतात. ३०० च्या घरात वापर असलेल्या कुटुंबाला हा खर्च दीड वर्षाच्या आत फिटतो. ७० युनिट वापरणाऱ्याने मात्र चालू पंखा काढून नवा घेण्याची घाई करू नये. एसी २४ अंशांवर ठेवा, हे तुम्ही ऐकलेलंच असेल. नवा फ्रिज घेताना फक्त तारे मोजू नका, लेबलावर वर्षाची युनिटं छापलेली असतात, ती वाचा.

सरकारी मदत: काय आहे, काय नाही

आधी नाही ते. दिल्लीत २०० युनिटांपर्यंत किंवा कर्नाटकात गृहज्योतीत मिळते तशी सरसकट मोफत घरगुती वीज महाराष्ट्रात नाही. 'मोफत वीज' म्हणून ज्या मुख्यमंत्री बळीराजा योजनेचे फलक दिसतात, ती साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांसाठी आहे. शेतकऱ्याच्या घराच्या बिलाला ती लागत नाही. गावाकडे या गोंधळात घरची बिलं तुंबवून ठेवलेली दिसतात आणि मग जोडणी तुटते.

आता आहे ते. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकांसाठी वेगळा, खूप कमी दर असलेला वर्ग आहे. मंजूर भार (जोडणीवर एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज घ्यायला परवानगी आहे ती) पाव किलोवॅटपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षातला वापर ३६० युनिटांपर्यंत, म्हणजे महिन्याला सरासरी ३०, ही त्याची अट. वर्षाच्या शेवटी वापर तपासला जातो आणि मर्यादा ओलांडली की सर्वसाधारण घरगुती दर लागू होतो. एखादा जुना कूलर किंवा हीटर घेतल्यामुळे कुटुंब या वर्गातून बाहेर पडू शकतं. अशा घरात उपकरण आणण्याआधी हे गणित करायलाच हवं.

मोठी मदत आज छतावर आहे. केंद्राची 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, आणि तीन किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान मिळतं. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. याशिवाय राज्य सरकारने २०२५ मध्ये 'स्मार्ट' नावाची जोडयोजना आणली. तिच्यात एक किलोवॅटचा संच ५० हजारांचा धरून, केंद्राच्या ३० हजारांवर दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला राज्याचे १७,५०० मिळतात, म्हणजे पदरचे फक्त २,५०० घालायचे. महिन्याला १०० युनिटांच्या आत वापर असलेल्या इतर ग्राहकांना राज्याचे १० हजार, आणि त्यातल्या अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकांना १५ हजार.

संच किती मोठा घ्यायचा? एक किलोवॅट रोज सरासरी चार युनिट देतो, महिन्याला साधारण १२०. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. जागा शंभर चौरस फुटांच्या आसपास लागते, आणि ती सावलीविना हवी. शेजारची टाकी दुपारी पॅनलवर सावली टाकत असेल तर विक्रेत्याच्या कागदावरचा आकडा कागदावरच राहील. आता बारा महिन्यांची ती ओळ समोर घ्या. ३०० युनिट वापरणाऱ्याने दोन किलोवॅट लावले तर वरच्या टप्प्यातली महाग २०० युनिटं आधी कापली जातात, आणि वरच्या दरांनी महिन्याला २,९०० रुपयांच्या आसपास फरक पडतो. १०० युनिटवाल्याचे एका किलोवॅटने पावणेसातशेच वाचतात. त्याला राज्याचं जोडअनुदान मिळालं तर हा सौदा चांगला, नाही तर सावकाश विचार करावा. गरजेपेक्षा मोठा संच घेऊन वीज विकून कमाई होईल, हे स्वप्न मात्र विक्रेत्यांचं आहे. जादा युनिटं आर्थिक वर्षात पुढच्या बिलांत वळती होतात, पण मार्चअखेर उरलेल्यांना फार कमी दर मिळतो.

सौरचा अर्ज, क्रमाने

जोडणी आणि छत दोन्ही तुमच्या नावावर आहेत का, हे पहिलं. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नावबदल करून घ्या. सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. फ्लॅटमध्ये गच्ची सामायिक असते, म्हणून सोसायटीची लेखी संमती हवी. भाडेकरूंना हा मार्ग बंदच आहे.

मग पीएम सूर्यघर पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करा. १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक मंजुरी मिळाल्याचं आपोआप धरलं जातं. त्यानंतर पोर्टलवरच्या नोंदणीकृत विक्रेत्यांपैकी तिघांकडून तरी लेखी दरपत्रक मागवा. नुसती किंमत बघू नका. पॅनल भारतीय बनावटीचंच आहे ना (नसेल तर अनुदान नाही), लोखंडी सांगाड्याची उंची किती, आणि पाच वर्षांची देखभाल कोण करणार, हे लिहून घ्या. तीन किलोवॅटपर्यंतच्या संचासाठी सरकारी बँका तारणाशिवाय कमी व्याजाचं कर्ज देतात.

संच बसला की नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि बाहेर दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा मीटर, लागतो, कंपनीचा माणूस तपासणी करतो आणि पोर्टलवर कार्यान्वयन प्रमाणपत्र दिसतं. मग बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश तिथेच भरायचा. अनुदान तुमच्या खात्यात येतं, विक्रेत्याच्या नाही. 'अनुदान वजा करून देतो, बाकी आम्ही बघतो' असं सांगणाऱ्याला काय वजा केलं ते लेखी विचारा. सौर बसवल्यावरही स्थिर आकार सुरूच राहतो, बिल अगदी शून्य येत नाही.

बिल चुकलं असेल तर

आधी तक्रार लेखी करा, ॲपवर किंवा उपविभागीय कार्यालयात, आणि पोच घ्या. १९१२ वर फोन करता येतो, पण पैशांच्या वादात फोनवर भिस्त ठेवू नका. मीटरवर संशय असेल तर शुल्क भरून मीटर तपासणी मागता येते, सोबत आधीच्या वर्षाच्या त्याच महिन्याचं बिल जोडा. कंपनीकडे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच. तिथे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे. राज्यात त्यांची कार्यालयं मुंबई आणि नागपूर इथे आहेत.

या काळात बिल भरायचंच नाही, असा हट्ट बरेच जण धरतात आणि जोडणी गमावतात. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडायची तर पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. 'आज रात्री साडेनऊला वीज कापणार, या नंबरवर फोन करा' असा संदेश आला तर तो भामट्याचा समजून पुसून टाका. त्याच कलमात ग्राहकाला एक सोय दिलेली आहे. मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती 'निषेध नोंदवून' भरली, तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. आणि दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी बिलात सलग दाखवत आणली नसेल, तर ती अचानक वसूल करता येत नाही. अर्जात कलमाचा आकडा लिहा, सोबत निषेधाने भरलेल्या रकमेची पावती जोडा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घ्या.